बालवाडीचा पहिला दिवस आणि आईबापांचे मन

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, तेव्हा नव्या दप्तरांची आणि रडणाऱ्या बालकांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत हटकून येतात. मूल का रडते, याची चर्चा पुष्कळ झालेली आहे. त्याला दारात सोडून मागे फिरणाऱ्या आईच्या वा बापाच्या मनात काय चालते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः तीन वर्षांचे मूल दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत येणार की नाही, हे बहुतांशी त्या मनावर अवलंबून असते.

या दृष्टीने नाशिकचे अंबड विचारात घेण्याजोगे आहे. (जालना जिल्ह्यातील त्याच नावाचे तालुक्याचे गाव येथे अभिप्रेत नाही.) मुंबई-आग्रा महामार्गालगतचे हे गाव महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीमुळे कारखान्यांचे गाव झाले आणि आज ते नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. कामाच्या शोधात खानदेशातून, मराठवाड्यातून, तसेच उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेली कुटुंबे अशा वसाहतींच्या आसपास भाड्याच्या खोल्यांतून राहतात. गावाकडच्या घरी आजी, आत्या, काकू यांच्या कडेवर फिरलेल्या मुलाला आई तासभर दिसली नाही तरी चालते. एका खोलीत वाढलेल्या मुलाचे जग दोनच माणसांचे असते आणि त्या दोघांचेही, कामाची पाळी सोडली तर, त्या मुलाएवढेच. अशा घरातील पहिला दिवस तिघांनाही जड जातो.

आईच्या मनात त्या वेळी अनेक गोष्टी एकत्र असतात. मूल जेवेल का, त्याची बोली कोणाला समजेल का, लघवी लागली तर ते सांगेल का, ही उघड काळजी. त्याखाली एक टोचणी असते: पगारासाठी आपण मुलाला परक्याच्या हाती देत आहोत. बाप सहसा बोलत नाही. रात्रपाळी करून आलेला बाप मुलाला पोचवून निघतो आणि कोपऱ्यावर उभा राहून रडणे थांबले का, ते ऐकतो. आणखी एक भावना क्वचितच कोणी बोलून दाखवितो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मूल मागे न पाहता आत पळू लागते, तेव्हा सुटकेबरोबरच काही हातून गेल्यासारखेही वाटते. यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

इंग्रज मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1969 पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथमालेत बालकाच्या मातेशी असलेल्या ओढीचे सविस्तर विवेचन केले आहे. त्याचा व्यवहारातील अर्थ असा, की वियोगाच्या वेळी रडणे हा हट्ट किंवा फाजील लाडाचा परिणाम नसून निकोप जिव्हाळ्याचे लक्षण आहे. पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात सुरू होणारी ही भीती तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ओसरू लागते, कारण डोळ्यांआड गेलेली आई परत येते, हे मूल आता मनात धरून ठेवू शकते. मात्र हा विश्वास कच्चा असतो.

तो मोडण्याचा सर्वांत सोपा मार्ग आपल्याकडे सर्रास वापरला जातो, तो म्हणजे मूल खेळात रमले की नजर चुकवून निघून जाणे. त्या दिवशी रडणे टळते. दुसऱ्या दिवसापासून मूल पदर सोडत नाही. आपल्या भाषेत घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. तेच मुलाच्या डोळ्यांत पाहून म्हणावे. त्याला घड्याळ कळत नाही. ‘खिचडी खाऊन झाली की येते’ हे कळते. मग त्या वेळेला यावयास मात्र हवे.

आईबापांच्या मनाची दखल घेण्याची परंपरा या क्षेत्रात जुनी आहे. मारिया मॉन्टेसरी यांचे पहिले बालगृह 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सॅन लॉरेन्झो या कामकरी वस्तीत, भाडेकरूंच्या इमारतीतच उघडले. त्यामुळे मूल घरापासून तुटत नव्हते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले. वस्तीतील गरीब मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव तेथूनच आले. आई काम करताकरता मूल काय करते ते पाहू शकत होती. तिचा धीर त्यातूनच बांधला जाई. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा हे नाव देशभर गेले. नाव गेले, अंगण मात्र पुष्कळ ठिकाणी मागे राहिले. 2017 च्या प्रसूती लाभ दुरुस्ती कायद्याने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची तरतूद केली आणि मातेला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा दिली. आईला मूल पाहावेसे वाटते, ही गोष्ट येथे कायद्याच्या शब्दांत आली.

तीन ते सहा वर्षे वयोगटाचे शिक्षण 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत टप्प्यात घेतले आहे. प्रवेशाचा आठवडा त्यामुळे केवळ पट भरण्याचा राहू नये. सर्व नवी मुले एकाच दिवशी न घेता तीन-चार मुले रोज घेतली, तर सेविकेला प्रत्येकाला जवळ घेता येते. पहिले काही दिवस आई, आजी किंवा शेजारीण यांपैकी कोणाला तरी खोलीच्या कडेला सतरंजीवर बसू द्यावे आणि रोज थोडे लवकर उठू द्यावे. घरचे एखादे फडके किंवा वाटी मुलाजवळ राहिली तर काढून घेऊ नये. मूल किती वेळाने शांत झाले, काय खाल्ले, हे सेविकेने न्यायला आलेल्या पालकाला दोन वाक्यांत सांगावे. दिवसभर यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या आईला नेमके तेवढेच ऐकायचे असते.

ग्रामपंचायत सदस्यांनी व नगरसेवकांनी पालकसभेच्या वेळेकडेही लक्ष द्यावे. कारखान्यांच्या परिसरात ती दुपारी बाराला ठेवली, तर पहिल्या पाळीचे पालक कामावर असतात आणि रात्रपाळीचे झोपलेले. जूनमधील पहिली सभा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, तीही मुले दाखल होण्यापूर्वी, अंगणवाडीच्याच खोलीत घ्यावी आणि मुलांनाही सोबत आणू द्यावे.