पडद्यावरील नृत्यशाळा आणि सरावकक्षातील वास्तव

किशोरवयीन प्रेक्षकांसाठीच्या दूरचित्रवाणी मालिकांत नृत्यशाळेला विशेष स्थान आहे. निवड चाचणी, वसतिगृह, मैत्री आणि चुरस हे कथानकाला लागणारे घटक तेथे एकाच छताखाली मिळतात. अमेरिकेत 1982 ते 1987 या काळात प्रसारित झालेल्या ‘फेम’ मालिकेने न्यूयॉर्कमधील एका सार्वजनिक कलाशाळेच्या धर्तीवर हा साचा लोकप्रिय केला.

ऑस्ट्रेलियातील ‘डान्स अकॅडमी’ (2010-2013) हे त्याचे अलीकडचे ठळक उदाहरण होय. ग्रामीण भागातून सिडनीतील नृत्य अकादमीत दाखल झालेली तारा वेबस्टर ही तिची नायिका असून ही अकादमी काल्पनिक आहे. दुखापत, वजनाचा ध्यास, पालकांची नाराजी आणि एका सहाध्यायाचा अपघाती मृत्यू असे विषय या मालिकेने हाताळले.

तथापि, दोन बाबतींत अशा मालिका वास्तवापासून दूर जातात. पहिली बाब काळाची. पडद्यावरील दुखापत काही भागांत बरी होते; प्रत्यक्षात अतिताणामुळे हाडाला गेलेली चीर भरून येण्यास कित्येक आठवडे, प्रसंगी महिने लागतात. सरावात खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या तुलनेत आहार अपुरा पडल्यास मासिक पाळी अनियमित होते आणि हाडे कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये या अवस्थेची सविस्तर मांडणी केली. ती मुलींपुरती मर्यादित नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

दुसरी बाब जबाबदारीची. मालिकेत दोष बहुधा एखाद्या कठोर शिक्षकाचा किंवा मत्सरी स्पर्धकाचा असतो. व्हिएन्ना स्टेट ऑपेराच्या बॅले अकादमीतील गैरप्रकारांचे आरोप 2019 मध्ये पुढे आले, तेव्हा विशेष चौकशी आयोगाने मुलांच्या आरोग्याकडे आणि संरक्षणाकडे संस्थेचेच पुरेसे लक्ष नसल्याचा निष्कर्ष काढला. म्हणजेच, प्रश्न केवळ व्यक्तींचा नसून व्यवस्थेचा होता.

भारतात 18 वर्षांखालील विद्यार्थ्यांना 2012 च्या पॉक्सो कायद्याचे संरक्षण आहे. शैक्षणिक संस्थेतील कर्मचाऱ्याने केलेला लैंगिक अत्याचार हा कायदा अधिक गंभीर मानतो. मात्र आहार, विश्रांती आणि अपमानास्पद वागणूक यांबाबतची दक्षता प्रामुख्याने संस्था आणि पालक यांच्यावरच अवलंबून राहते. त्यामुळे प्रवेश घेताना रंगमंचावरील यशाबरोबरच दुखापतीवेळी वैद्यकीय सल्ला कोण देतो आणि तक्रार कोणाकडे करता येते, याची विचारणा पालकांनी करणे आवश्यक ठरते.