काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बाळाच्या डोळ्यात रक्त; धोका कधी?

वाशीम : ‘बाळाचे डोळे किती टपोरे!’ असे कौतुक घरोघरी होते. पण बुबुळ मोठे आणि धुरकट दिसत असेल, डोळ्यांतून सतत पाणी येत असेल, उजेडात बाळ डोळे घट्ट मिटून घेत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. मोठ्या माणसांना या आजारात बहुधा आधी थेंब देऊन पाहतात. बाळांमध्ये शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार. त्यासाठी वाशीम जिल्ह्यातील पालकांना अनेकदा अकोला, नागपूर गाठावे लागते. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात रक्त दिसले की ते हादरतात.

हे रक्त येते कुठून?

डोळ्यातील पाणी बाहेर जाण्याचा मार्ग जन्मतः नीट तयार झालेला नसतो. डॉक्टर तो सूक्ष्म छेद देऊन मोकळा करतात. वाढलेला दाब उतरला की त्याच वाटेने नसांमधले थोडे रक्त उलटे आत येते आणि बुबुळामागे साचते. हे बरेचदा घडते आणि बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप विरते. बाळाचे डोके थोडे उंच ठेवणे, डोळ्यावरचे कवच न काढणे आणि डोळा चोळू न देणे एवढे सांभाळावे लागते.

रक्त वाढत गेले, बुबुळ पुन्हा पांढुरके झाले, बाळ उलट्या करू लागले, दूध घेईना किंवा सारखे रडू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. याहून गंभीर रक्तस्राव डोळ्याच्या मागच्या पडद्यांमध्ये होतो. तो क्वचितच होतो, पण दृष्टी जाऊ शकते. दाबामुळे खूप मोठ्या झालेल्या डोळ्यात आणि चेहऱ्यावर जन्मतः लालसर-जांभळा डाग असलेल्या काही मुलांमध्ये ही भीती जास्त.

सिकलसेलचे काय?

विदर्भात हा प्रश्न विचारायलाच हवा. सिकलसेलमध्ये डोळ्यात साचलेल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि पाण्याची वाट अडवतात. दाब भराभर चढतो. एरवी सोसला असता अशा दाबानेही डोळ्याच्या नसेला इजा होते. नुसत्या वाहकालाही हा धोका असतो. दाब उतरवणारी काही नेहमीची औषधेही अशा रुग्णाला जपूनच द्यावी लागतात.

अडचण अशी, की आरोग्य केंद्रातली साधी सिकलसेल चाचणी सहा महिन्यांच्या आतील बाळात भरवशाची नसते. जन्मावेळचे वेगळे हिमोग्लोबिन अजून रक्तात असते. आणि काचबिंदूची शस्त्रक्रिया तर अनेकदा याच वयात होते. त्यामुळे आई-वडिलांचे सिकलसेल कार्ड किंवा तपासणीचा अहवाल सोबत न्यावा. तपासणी झालीच नसेल तर डॉक्टरांना तसे आधीच स्पष्ट सांगावे; बाळाची सविस्तर रक्ततपासणी करता येते. घरात कुणाला जखमेतून रक्त लवकर न थांबण्याचा त्रास असेल, तर तेही शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे.