सोयाबीनची फायदेशीर शेती : पेरणी यंत्राची निवड व ओळींतील अंतर

प्रस्तावना

सोयाबीन हे महाराष्ट्रातील खरीप हंगामाचे प्रमुख तेलबिया पीक असून लातूर, धाराशिव, बीड, वाशीम, अमरावती आदी जिल्ह्यांचे अर्थकारण मोठ्या प्रमाणात त्यावर अवलंबून आहे. नवी मुंबईसारख्या शहरात हे पीक खाद्यतेलाच्या पिशवीतूनच पोहोचते; त्यामुळे त्याच्या पेरणीचे अर्थशास्त्र नागरी अभ्यासकांच्या नजरेआड राहते. २०२४ च्या हंगामात हमीभाव प्रति क्विंटल ४,८९२ रुपये असताना राज्यातील अनेक बाजारांत दर त्याखाली राहिले. दर शेतकऱ्याच्या हाती नसतो. खर्च मात्र काही अंशी असतो आणि त्याचा मोठा भाग पेरणीच्या दिवशीच ठरतो. या दृष्टीने ओळींतील अंतर व पेरणीचे यंत्र यांचा परस्परसंबंध विशद करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अंतराचे गणित

मध्यम ते भारी जमिनीत दोन ओळींत ४५ सें.मी. व दोन रोपांत ५ सें.मी. अंतराची शिफारस केली जाते. त्यानुसार हेक्टरी सुमारे ४.४४ लाख रोपे बसतात. शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरल्यास ७५ किलो बियाण्यात सव्वासहा लाख दाणे येतात. प्रमाणित बियाण्याची किमान उगवणक्षमता ७० टक्के असते. तेवढी उगवण झाल्यास सुमारे ४.३७ लाख रोपे मिळतात. उगवण ६० टक्के झाल्यास ही संख्या ३.७५ लाखांवर येते. म्हणून ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून घरच्या घरी उगवण तपासणे, ही यंत्रनिवडीच्याही आधीची पायरी होय. २०२० च्या खरिपात बियाणे न उगवल्याच्या असंख्य तक्रारी आल्या व अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली, हे येथे लक्षात घ्यावे.

४५ सें.मी. अंतरात बैलाचे कोळपे फिरू शकते. ३० सें.मी. अंतरात पीक लवकर जमीन झाकते व तण दबते. उशिरा पेरणी किंवा लवकर येणारे, उभट वाढीचे वाण असल्यास ते उपयुक्त ठरते. परंतु कोळपणी कठीण झाल्याने तणनाशक वा निंदणीचा खर्च वाढतो. अमेरिकेत दीर्घकाळ रूढ असलेले ७६ सें.मी. अंतर मक्याच्या यंत्रांमुळे आले होते. अंतर यंत्राच्या सोयीने नव्हे, तर पिकाच्या गरजेने ठरावे, हा त्यातील बोध.

यंत्रांची तुलना

तिफण व पाभर ही पारंपरिक अवजारे स्वस्त आहेत. मात्र बी हाताने सोडले जात असल्याने रोपांची विरळ-दाट वाटणी पेरणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते. ट्रॅक्टरचलित पेरणी यंत्र बी व खत एकाच वेळी ठरावीक खोलीवर टाकते. सोयाबीनचे टरफल पातळ असल्याने यंत्राचा वेग अधिक असल्यास किंवा बी सोडणारी रचना दाणे चिरडणारी असल्यास उगवण घटते. या पिकाची बीजदले माती उचलून वर येतात. त्यामुळे ५ सें.मी. पेक्षा खोल पेरणी टाळावी.

रुंद वरंबा-सरी, अर्थात बीबीएफ, पद्धत हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनीसाठी विकसित केली. यात रुंद वरंब्यावर ओळी पेरल्या जातात व दोन्ही बाजूंस सऱ्या पडतात. पावसाच्या खंडात ओल टिकते आणि अतिवृष्टीत पाण्याचा निचरा होतो. सऱ्यांची जागा पेरली जात नसल्याने बियाणे हेक्टरी सुमारे ५५ किलो पुरते, म्हणजे २० किलोंची बचत होते. यंत्र न मिळाल्यास पट्टापेर पद्धतीने काही ओळींनंतर एक ओळ रिकामी सोडून तेथे सरी काढता येते.

यंत्र विकत की भाड्याने?

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होते. एवढ्या क्षेत्रासाठी वर्षातून एक-दोन दिवस चालणारे यंत्र विकत घेणे परवडत नाही. अवजार बँक, गट अथवा भाडे हे पर्याय योग्य ठरतात. मात्र ७५ ते १०० मि.मी. पावसानंतर वाफसा आला की सर्वांनाच यंत्र एकाच वेळी हवे असते. म्हणून गटाने क्रम आधीच ठरवावा.

निष्कर्ष

उगवण तपासणी, जमीन व वाणानुसार अंतर, त्यानुसार यंत्र आणि शेवटी यंत्राची मालकी, असा निर्णयाचा क्रम असावा. तो उलटल्यास यंत्र शेतकऱ्यासाठी नव्हे, तर शेतकरी यंत्रासाठी राबू लागतो.