बांधावरचा म्हसोबा, सॅन फ्रान्सिस्कोचा सैतान (लेखमाला : भाग ५)

खटाव, माण, खानापूर, तासगाव या पट्ट्यात शेताच्या बांधावर, बाभळीच्या नाहीतर लिंबाच्या बुडाशी, शेंदूर फासलेला एखादा धोंडा असतो. त्याला ना नाक-डोळे, ना डोक्यावर छप्पर. पेरणीआधी तिथं नारळ फुटतो, सुगी झाली की कुणी कोंबडं कापतं, आणि एरवी देवळाची पायरी न चढणारा गडीही तिथून जाताना हात जोडतो. हा म्हसोबा, शिवाराचा राखणदार. त्याच्या नावामागं मात्र महिषासुर उभा आहे. नवरात्रात ज्याच्या छातीत देवीचा त्रिशूळ, पेरणीला त्यालाच नारळ.

इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त या विसंगतीवर बोट ठेवलं. सातारा जिल्ह्याच्या सीमेलगत, नीरेच्या खोऱ्यातल्या वीर गावी म्हस्कोबाचं, म्हणजे म्हसोबाचंच, जोगूबाई या देवीशी दरवर्षी थाटामाटात लग्न लागतं. पुराणात देवी ज्याला मारते, त्याच्याशी लोकपरंपरेत तिची सोयरीक होते. कोसंबींना यात दोन समाज आधी भिडल्याच्या आणि मग एकत्र नांदू लागल्याच्या खुणा दिसल्या.

मागच्या भागांत आपण सैतानाची तीन रूपं पाहिली. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातला सैतान ईश्वराच्या दरबारात हजर असतो आणि माणसाच्या निष्ठेची परीक्षा घेतो. कुराणातला इब्लीस आदमपुढं झुकायला नकार देतो, आणि हल्लाजसारख्या सूफीला त्या नकारातही एकेश्वराची निष्ठा दिसते. ख्रिस्ती परंपरेतला सैतान हा ईश्वराचा कायमचा वैरी. आपल्याकडचा असुर या तिन्हींत बसत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. बळी हा प्रल्हादाचा नातू, दानशूर, दिल्या शब्दाला जागणारा. त्याला पाताळात घातलं ते त्याच्या दुष्टपणाबद्दल नव्हे. तो निखळ पापाचा पुतळा कधीच नव्हता, त्यामुळं ‘बळी म्हणजे आपला सैतान’ असं म्हणणं चूक ठरेल.

तरीही पराभूताची बाजू घेऊन सगळी कथा उलट वाचण्याची जी रीत आधुनिक सैतानवादाच्या मुळाशी आहे, तीच रीत साताऱ्याशी नाळ असलेल्या एका माणसानं, सैतानाचं नावही न घेता, दीडशे वर्षांपूर्वी वापरली. जोतीराव फुले यांचं मूळ घराणं गोऱ्हे, मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना ती अर्पण केली. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या सवाल-जवाबांतून त्यात दशावताराची कथा पार फिरते. अवतार हे बाहेरून आलेल्या आक्रमकांचे म्होरके ठरतात, वामन हा बळीच्या राज्यावर चालून आलेला शत्रू आणि बळी हा रयतेचा न्यायी राजा. खंडोबा आणि म्हसोबा हे त्याच राज्याचे अधिकारी. म्हसोबा म्हणजे महासुभा, शेतसारा आणि न्यायनिवाडा पाहणारा. कुणबी म्हणूनच त्याच्या नावाचा शेंदरी दगड शेतात ठेवतो, असं जोतीराव धोंडीबाला समजावतात.

त्यांची ही व्युत्पत्ती इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. पण तिनं जे काम केलं ते शिलालेखाला जमलं नसतं. देवासुरांची लढाई ही जिंकलेल्यांनी लिहिलेली हकीगत आहे, हे शेतकऱ्याला त्याच्याच बांधावरचा धोंडा दाखवून पटवता आलं. १९१९ ते १९२१ या काळात सातारा जिल्ह्यात फुले यांच्या सत्यशोधक समाजाच्या अनुयायांनी जमीनदारीविरुद्ध रान उठवलं, गावोगाव जलसे झाले. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचं सांगली झालं.

युरोपात हे उलटं वाचन कवींनी सुरू केलं. मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मधला (१६६७) सैतान इतका रुबाबदार उतरला की मिल्टन नकळत सैतानाच्याच बाजूचा होता, असं विल्यम ब्लेकनं म्हटलं. शेलीला त्यात बंडखोर दिसला. रशियन अराजकवादी बाकुनिननं सैतानाला पहिला मुक्त विचारवंत ठरवलं. यातला कुणीही त्याची पूजा करत नव्हता.

पंथ निघाला फार उशिरा. ३० एप्रिल १९६६ रोजी अँटन लाव्हे यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘चर्च ऑफ सेटन’ स्थापन केलं. १९६९ साली त्यांचं ‘सॅटनिक बायबल’ आलं. लाव्हे ना देव मानत, ना सैतान. त्यांच्या लेखी सैतान म्हणजे माणसाची देहबुद्धी, अभिमान आणि भोगाची ओढ. माणूस स्वतःच स्वतःचा देव, म्हणून त्याचा वाढदिवस हाच सर्वांत मोठा सण. बळी देणं, रक्त, लहान मुलं असलं काही डोळ्यांपुढं येत असेल तर त्यांचे नियम पाहावेत. मुलांना इजा करायला तिथं बंदी आहे, आणि स्वतःचा बचाव किंवा अन्न यांखेरीज प्राणी मारायलाही. खऱ्या सैतानी शक्तीवर विश्वास असलेले मायकल अक्विनो १९७५ साली फुटून निघाले आणि त्यांनी ‘टेंपल ऑफ सेट’ काढलं.

लाव्हेंचा विचार मात्र एकट्याचा आहे. व्यक्तिवादी लेखिका आयन रँडची छाप त्यावर उघड दिसते. बलवानानं दुबळ्याचं ओझं का वाहावं, हा त्यातला सूर फुले यांच्या बळीच्या नेमका उलट्या टोकाला जातो. २०१३ साली उभं राहिलेलं ‘सॅटनिक टेंपल’ तुलनेनं जवळचं. त्याच्या सात तत्त्वांत पहिलं करुणेचं आहे, आणि सरकारी आवारात एका धर्माचं स्मारक उभं राहिलं तर आमच्या बाफोमेटच्या, म्हणजे बकऱ्याच्या डोक्याच्या सैतानी प्रतीकाच्या, पुतळ्यालाही जागा द्या, असा त्याचा कायदेशीर आग्रह. सैतान प्रत्यक्षात आहे असं तेही मानत नाही; त्याच्या लेखी सैतान हे मनमानी सत्तेपुढं मान न झुकवण्याचं प्रतीक.

एक फरक फार बोलका आहे. पश्चिमेतल्या बंडखोरांनी चर्चवर रुसून ख्रिस्ताच्या वैऱ्याला जवळ केलं. फुले यांनी ‘गुलामगिरी’त, पुराणांनी असुर ठरवलेल्या बळीला उचललं आणि येशू ख्रिस्ताला त्याच्याच पंगतीला बसवलं. त्यांना देवाशी भांडायचं नव्हतं. देवाच्या नावानं कुणाच्या ताटातलं कोण खातं, हे त्यांना विचारायचं होतं.

भाऊबीजेला ओवाळताना आजही बाया ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात. खानापूर तालुक्यात हे म्हणणं एका बांधकामापर्यंत पोचलं. १९८२ च्या संपात मुंबईच्या गिरण्यांतून गावी परतलेले कामगार आणि दुष्काळानं पिचलेले शेतकरी यांच्यातून ‘मुक्ती संघर्ष’ चळवळ उभी राहिली. कासेगावचे भारत पाटणकर तिच्या पुढाऱ्यांत होते. त्यांच्या पत्नी गेल ऑम्व्हेट यांनी सत्यशोधक चळवळीवरच प्रबंध लिहिलेला. येरळेच्या पात्रातली वाळू ठेकेदार उपसत होते आणि विहिरींचं पाणी खाली चाललं होतं. लोकांनी उपसा अडवला, थोडी वाळू आपणच विकू आणि त्या पैशातून बंधारा बांधू, अशी मागणी सरकारकडं लावून धरली. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात श्रमदान करून तो उभा केला. पाणी जमिनीच्या एकरांवर न ठरवता घरटी वाटायचं, भूमिहीनालाही त्याचा वाटा द्यायचा, हे तत्त्व त्यांनी ठरवलं. नाव ठेवलं बळीराजा स्मृती धरण.

(पुढील भागात : सैतानाच्या भीतीचा बाजार. अमेरिकेतली १९८० च्या दशकातली खोटी प्रकरणं, साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा.)