घोडा नऊपट लहान, नियम मात्र पूर्ण

खेळण्यातल्या घोड्यांच्या स्पर्धा भरतात असे सांगितले, तर आपल्या वस्तीतला माणूस हसेल. पण अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये अशा स्पर्धा गेली कित्येक दशके भरत आहेत आणि त्यांत मुलींचा व स्त्रियांचा भरणा मोठा आहे. खरा घोडा पाळणे तिकडेही पैसेवाल्याचेच काम. तबेला, चारा, नालबंद, डॉक्टर हा खर्च कामगाराच्या घराला झेपत नाही. अशा घरातली मुलगी टेबलावर घोडा उभा करते आणि घोडेस्वारीचे शास्त्र शिकते. म्हणून हा विषय आम्ही आज या पानावर घेतला.

शिकागोच्या ब्रायर कंपनीने १९५० साली एका घड्याळाच्या शोभेसाठी प्लास्टिकचा घोडा घडवला. घड्याळापेक्षा घोडाच लोकांना आवडला. पुढे या घोड्यांचा छंद वाढला आणि १९९० साली केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे 'ब्रायरफेस्ट' हा मेळा सुरू झाला. या कंपनीचा मोठा घोडा खऱ्या घोड्याच्या एक नवमांश असतो.

या स्पर्धांत एक विभाग अडथळ्यांवरून उडी मारण्याचा आहे. घोडा तर जागचा हलत नाही, मग गुण कशाचे? उडीचा तो एक क्षण किती खरा मांडला, याचे. परीक्षक खऱ्या मैदानाचे नियम घेऊन टेबलापाशी येतो.

ते नियम असे. दांडा पडला की चार दंडगुण. घोडा पहिल्यांदा अडला की चार, आणि आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दुसऱ्यांदा अडला की बाद. स्वार पडला तरी बाद. ठरल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर त्याचे दंडगुण वेगळे. अडथळ्याच्या उजवीकडे लाल निशाण आणि डावीकडे पांढरे. टेबलावर ही निशाणे उलटी लागली, तर घोडा उलट्या दिशेने उडाला असाच अर्थ होतो.

आता हिशेब पाहू. मोठ्या स्पर्धेत अडथळा १.६० मीटरपर्यंत उंच असतो. त्याला नऊने भागा, पावणेअठरा सेंटिमीटर येतात. साडेतीन मीटरचा दांडा ३९ सेंटिमीटरचा होतो. पट्टी आणि भागाकार एवढ्यावर निम्मे काम होते.

दांडा उथळ खोबणीत नुसता टेकवायचा असतो, खिळ्याने ठोकायचा नसतो. खऱ्या मैदानात दांडा घट्ट असेल तर पाय अडकून घोडा आणि स्वार दोघेही कोसळतील. दांडा पडतो म्हणून जीव वाचतो. दोन दांड्यांच्या रुंद अडथळ्यात मागच्या बाजूला एकच दांडा ठेवतात, तोही याच कारणाने. जमिनीवरचा दांडा वरच्या दांड्याच्या मागे सरकला तर घोड्याचा अंदाज चुकतो. नियमामागचे कारण ज्या मुलीला कळले, तिची मांडणी सहसा चुकत नाही.

साजाचेही तसेच आहे. खोगीर पुढे झुकलेल्या बैठकीचे हवे, तंग पोटाला नीट बसलेला हवा, तोंडातली कडी ओठांच्या कोपऱ्याशी हवी, लगाम लोंबता नको. मान खाली धरून ठेवणारा बांधीव पट्टा, म्हणजे स्टँडिंग मार्टिंगेल, आंतरराष्ट्रीय उडीस्पर्धेत चालत नाही. लगामावर सरकणारा चालतो. अमेरिकेत 'हंटर' नावाचा निराळा वर्ग आहे. तिथे साधे लाकडी वा झुडपी अडथळे असतात आणि चालीच्या डौलाला गुण असतात. रंगीत दांडे आणि पायांचे बूट तिथे नेले, तर मांडणी कितीही सुबक असो, मागे पडते.

पैशाचा जोर इथे अजिबात नाही, असे आम्ही म्हणणार नाही. कुशल कारागिरांचा चिमुकला साज तिकडेही महाग विकला जातो. पण महाग खोगीर चुकीच्या जागी बसवले तर गुण जातात, आणि चामड्याच्या कातरणीतून घरी शिवलेला साज नेमका बसला तर गुण मिळतात. परीक्षकाने किंमत विचारायची नसते, बरोबर काय आहे ते पाहायचे असते.

आई-बापांनो, आपल्या पोराने पुठ्ठ्याचे घर, आगगाडी वा पूल करायला घेतला, तर पसारा म्हणून रागावू नका. हातात पट्टी द्या आणि विचारा, "खरे केवढे असते? त्याला कितीने भागलेस?" उत्तर शोधायला ते पोर आपल्या पायाने पुस्तकाकडे जाईल.