मांजरीआड झाकलेली वेरोनिक

फ्रान्सच्या 'वेरोनिक' अग्निबाणाचा विषय निघाला की गाडी हमखास फेलिसेट या मांजरीवर येऊन थांबते. 18 ऑक्टोबर 1963 रोजी अल्जीरियातल्या हम्मागीर तळावरून ती दीडशे किलोमीटरच्या आसपास उंची गाठून आली, पॅराशूटने सुखरूप उतरली आणि मेंदूच्या तपासणीसाठी काही महिन्यांतच मारली गेली. तिची हळहळ वाटायलाच हवी. पण वेरोनिकचं खरं काम वेगळंच होतं.

महायुद्ध संपल्यावर जर्मनीच्या व्ही-2 अग्निबाणावर राबलेले अनेक अभियंते फ्रान्सने आपल्याकडे आणले. वेर्नों गावातल्या लष्करी प्रयोगशाळेत 1949पासून वेरोनिक आकाराला येऊ लागली. सुटताना तिचा वेग इतका कमी असे, की शेपटीच्या पंखांना हवेचा आधारच मिळत नसे. म्हणून तिला चार तारा बांधत. जमिनीवरच्या रिळांतून त्या सारख्याच गतीने सुटत आणि पहिले पन्नासेक मीटर पतंगाच्या मांजासारख्या तिला तोलून धरत. मग आपोआप गळून पडत. मोठ्या कल्पकतेचा आणि थोडा गमतीचाच जुगाड!

सुरुवातीच्या वेरोनिकची मजल साठ-सत्तर किलोमीटर. 1957-58च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षासाठी बांधलेली आवृत्ती मात्र दोनशेच्या घरात गेली. संशोधकांना हवी होती ती हीच उंची. फुगे तीस-चाळीस किलोमीटरच्या वर फारसे जात नाहीत आणि शंभराच्या आसपास उपग्रह टिकत नाहीत. मधल्या पट्ट्यात काही मिनिटं डोकावून येणारा अग्निबाणच तिथे कामाचा.

मार्च 1959मध्ये फ्रेंच संशोधक जाक ब्लामाँ यांनी वेरोनिकमधून सोडियमची वाफ सोडली. वेळ संधिप्रकाशाची होती: जमिनीवर अंधार, वर अजून ऊन. त्या उन्हात वाफेचा पिवळा ढग झळकला. तो कसा वाकतो, कुठे सरकतो याचे फोटो घेतले की तिथल्या वाऱ्याचा वेग आणि दिशा कळे. शिवाय साधारण शंभर किलोमीटरपर्यंत ढग घुसळून निघतो, त्यावर शांतपणे पसरतो, हेही दिसलं. हवेची घुसळण कुठे थांबते ती सीमाच हाती लागली.

पुढे ब्लामाँ विक्रम साराभाईंचे स्नेही झाले. 21 नोव्हेंबर 1963 रोजी थुंब्याहून भारतातला पहिला संशोधन-अग्निबाण सुटला, तेव्हा अग्निबाण अमेरिकी होता. त्यातला सोडियमचा प्रयोग मात्र फ्रेंच.

इंजिनाचा धागा तर आणखी लांबतो. वेरोनिकवर काम केलेले कार्ल-हाइन्झ ब्रिंगर यांनीच पुढे एरियान अग्निबाणाचं 'व्हायकिंग' इंजिन घडवलं. सत्तरच्या दशकात इस्रोच्या अभियंत्यांनी फ्रान्समध्ये राहून ते तंत्र शिकून घेतलं आणि त्यातून आपलं 'विकास' इंजिन उभं राहिलं. 14 जुलै 2023 रोजी चंद्रयान-3 घेऊन निघालेल्या एलव्हीएम-3च्या मधल्या टप्प्यात तशी दोन इंजिनं होती.