शस्त्रक्रियेनंतरची साथ : उच्चदाब प्राणवायू उपचार



आपल्या रुग्णालयातील उच्चदाब प्राणवायू कक्षाविषयी आमच्याकडे दोन प्रश्न वारंवार येतात. भेटीस येणारे देणगीदार विचारतात, "एवढे मोलाचे यंत्र काही वेळा रिकामे का दिसते?" शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे नातेवाईक विचारतात, "आमच्या माणसाला त्यात का ठेवत नाही?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंचे उत्तर एकच आहे. कोणत्या रुग्णास हा उपचार द्यावयाचा, हा निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा असतो. परंतु त्या निर्णयामागील कारणे आपणा सर्वांस ठाऊक असावीत, म्हणून या अहवालात ती मांडत आहोत.

प्राणवायू जखमेपर्यंत कसा पोहोचतो

जखम भरून येण्यास प्राणवायू अत्यावश्यक असतो. जंतूंचा नाश करणाऱ्या पांढऱ्या पेशींना तो लागतो आणि नवी ऊती बांधणारे कोलॅजेन हे प्रथिनही त्यावाचून बळकट होत नाही. निरोगी माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन साध्या हवेतच सुमारे ९७ टक्के प्राणवायूने भरलेले असते. त्यामुळे नाकाला नळी लावून प्राणवायू दिला, तरी हिमोग्लोबिन आणखी फारसे काही वाहून नेऊ शकत नाही. अडचण असते ती पुढच्या वाटेवर. मधुमेह, अपघातातील चिरडणे किंवा कर्करोगावरील किरणोपचार यांमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या निकामी झाल्या, की पाटाला पाणी असूनही शेवटचा वाफा कोरडा राहावा तशी जखमेची स्थिती होते.

येथे भौतिकशास्त्राचा एक जुना नियम उपयोगी पडतो. विल्यम हेन्री या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०३ मध्ये दाखवून दिले की, दाब वाढवला की द्रवात विरघळणारा वायूही त्या प्रमाणात वाढतो. सोडावॉटरच्या बाटलीत हेच घडते. साध्या हवेत श्वास घेताना आपल्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात जेमतेम ०.३ मिलिलिटर प्राणवायू विरघळलेला असतो. वातावरणाच्या तिप्पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतल्यास हे प्रमाण सुमारे ६ मिलिलिटरपर्यंत जाते. म्हणजे तांबड्या पेशी जेथे पोहोचू शकत नाहीत, तेथे रक्तद्रव प्राणवायू पोहोचवू शकतो.

ॲमस्टरडॅमचे शल्यविशारद इटे बूरेमा यांनी १९६० मध्ये याचा विलक्षण पुरावा दिला. डुकरांच्या रक्तातील तांबड्या पेशी जवळजवळ सर्व काढून घेऊनही, उच्च दाबाखाली प्राणवायू देऊन त्यांनी ती जिवंत ठेवली. पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅस गँगरीनच्या रुग्णांवर हा उपचार यशस्वीपणे केल्याचे प्रसिद्ध केले. भारतात पाणबुड्यांच्या आजारांच्या निमित्ताने नौदलाने ही विद्या जोपासली. मुंबईत कुलाबा येथील नौदलाचे 'अश्विनी' रुग्णालय हे त्याचे ठळक उदाहरण होय.

शस्त्रक्रियेनंतर कोणास उपयोग होतो

हा उपचार शस्त्रक्रियेची जागा घेत नाही. सडलेला भाग काढणे, जखम स्वच्छ करणे, योग्य प्रतिजैविके देणे आणि रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे हीच मुख्य चिकित्सा होय. मोठी धमनीच बंद असेल, तर आधी ती मोकळी करावी लागते. या सर्वांनंतर किंवा या सर्वांसोबत प्राणवायूचा आधार दिला जातो. तो प्रामुख्याने पुढील रुग्णांसाठी असतो : रक्तपुरवठा अपुरा पडल्याने काळवंडू लागलेले त्वचारोपण वा ऊतिरोपण, अपघातात चिरडलेले हातपाय, गॅस गँगरीन व ऊती झपाट्याने सडविणारे संसर्ग, अन्य उपायांना दाद न देणारा हाडांचा जुनाट जंतुसंसर्ग, मधुमेही पायाच्या निवडक खोल जखमा, आणि किरणोपचारानंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी उद्भवणारी हानी.

संशोधनाने काय सांगितले, हेही निःसंकोचपणे नमूद करावयास हवे. फ्रान्समध्ये चिरडलेल्या अवयवांच्या ३६ रुग्णांवर झालेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हा उपचार मिळालेल्या १८ पैकी १७ जणांच्या जखमा पूर्ण भरल्या. न मिळालेल्या १८ पैकी १० जणांच्याच भरल्या. स्वीडनमधील ९४ मधुमेही रुग्णांच्या अभ्यासात (२०१०) वर्षअखेर जखम भरण्याचे प्रमाण ५२ टक्के विरुद्ध २९ टक्के असे आढळले. परंतु नेदरलँड्समधील १२० रुग्णांच्या अभ्यासात (२०१८) मधुमेही पायाच्या जखमांमध्ये असा निर्णायक फरक दिसला नाही. किरणोपचारामुळे मूत्राशयास झालेल्या त्रासात उत्तर युरोपातील अभ्यासाने (२०१९) स्पष्ट लाभ दाखविला. तर त्याच वर्षी ब्रिटनमधील अभ्यासात, किरणोपचार झालेल्या जबड्यावरील शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर हा उपचार दिल्याने हाड मरण्याचे प्रमाण कमी झाले नाही. तात्पर्य, रुग्णाची निवड अचूक असेल तर एखादा पाय वाचू शकतो. ती चुकली तर केवळ वेळ आणि पैसा जातो. हर्निया, अपेंडिक्स किंवा सिझेरियनची निरोगी जखम आपोआप भरते. तिला या कक्षाची आवश्यकता नसते.

कक्षात काय घडते

वातावरणाच्या दोन ते अडीच पट दाबाखाली, म्हणजे पाण्याखाली सुमारे १० ते १५ मीटर खोल गेल्यावर जाणवेल तितक्या दाबाखाली, रुग्ण साधारण दीड तास शुद्ध प्राणवायू घेतो. घाट उतरताना कानात दडे बसतात तसे सुरुवातीस होते. आवंढा गिळून ते सोडवावे लागतात. तातडीच्या संसर्गात पहिल्या दिवशी दोन-तीन बैठकाही होतात. जुनाट जखमांना मात्र रोज एक याप्रमाणे २० ते ४० बैठका लागतात.

उपचार बहुतांशी सुरक्षित असला, तरी निर्धोक नाही. कानाच्या पडद्यास इजा होणे, काही आठवडे दूरचे अंधुक दिसणे, मधुमेही रुग्णांची साखर एकदम उतरणे आणि क्वचित झटका येणे हे त्यातील ज्ञात धोके होत. फुप्फुसाभोवती हवा साचली असेल आणि तिच्यावर उपचार झालेला नसेल, तर रुग्णास आत नेता येत नाही. सर्वांत मोठी दक्षता आगीची. इटलीतील मिलान येथे ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी अशा कक्षाला लागलेल्या आगीत ११ जण मृत्युमुखी पडले. म्हणूनच आमच्या परिचारिका प्रत्येक रुग्णास रुग्णालयाचे सुती कपडे देतात आणि मोबाईल, काडेपेटी, श्रवणयंत्र, नायलॉनचे वस्त्र बाहेर ठेवावयास लावतात. केसांना तेल किंवा अंगाला मलम लावून येऊ नये, असा आग्रह धरतात. नातेवाइकांनी याचा राग मानू नये. तंबाखू, मिश्री व विडी सोडण्याचा आग्रहही तितकाच महत्त्वाचा आहे. कारण निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि उपचाराचे फळ हिरावून घेते.

रिकाम्या कक्षाचा हिशेब

हिशेब पाहणाऱ्या माणसास ठाऊक असते की, पडून असलेल्या यंत्राचाही घसारा थांबत नाही. ते भरलेले ठेवण्याचा मोह त्यामुळेच होतो. थकवा, सौंदर्य, तारुण्य, स्वमग्नता अशा कारणांसाठीही हा उपचार जगभर विकला जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्येच अशा सिद्ध न झालेल्या दाव्यांपासून लोकांना सावध केले होते. तरीही जानेवारी २०२५ मध्ये मिशिगन राज्यात एका खासगी केंद्रातील कक्षाला आग लागून पाच वर्षांच्या बालकाचा मृत्यू झाला. हे कक्ष जेथे रिकामे ठेवणे योग्य, तेथे ते रिकामे ठेवणे हाही रुग्णसेवेचाच भाग आहे, असे आम्ही मानतो. देणगीदारांनी दिलेला पैसा बैठकांच्या संख्येने न मोजता, टळलेल्या शस्त्रच्छेदाने मोजला जावा, ही आमची विनंती आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात, तसेच एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. या आधारामुळे गरजू रुग्णाचा वैद्यकीय खर्च पेलता येतो. परंतु तीस बैठकांसाठी तीस दिवस गाव सोडून राहावे लागते. रुग्णाची आणि सोबतच्या माणसाची मजुरी बुडते. एसटीचे भाडे, मुक्काम आणि दोन वेळचे जेवण यांचा भार पडतो. निम्म्यावर उपचार सोडण्याची वेळ येते ती बहुधा यामुळेच. आणि अर्धवट राहिलेला उपचार पाय वाचवू शकेलच असे नाही.

म्हणून यंदा आम्ही नव्या यंत्रासाठी मदत मागत नाही. रुग्णासोबत येणाऱ्या एका व्यक्तीच्या निवासाची, भोजनाची व प्रवासाची सोय उपचार संपेपर्यंत व्हावी, एवढ्यासाठी आपला हात पुढे यावा. एका जखमेची जबाबदारी शेवटच्या बैठकीपर्यंत उचलणे, हे आमच्या दृष्टीने मोठे दान आहे.